डोंगर उभा राहताना खाली खडक कसा वितळतो? पाळोळेच्या दगडांपाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत, ओहोटीची वेळ बघून, आम्ही काही जण रविवारी सकाळी दक्षिण गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर दगड बघायला जातो. बरोबर कोणीही येतं: काणकोणची शाळकरी मुलं, फोंड्याचे निवृत्त मास्तर, सुट्टीवर आलेली पुण्याची पाहुणेमंडळी. तीन-चार वर्षांत एक लक्षात आलं, की माणसं बदलतात पण प्रश्न तेच राहतात. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही प्रश्नांना लांबलचक उत्तर लागतं, काही एका ओळीत संपतात.

हे दगड ज्वालामुखीतून आलेत ना?

शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून आलेत, पण तो शिलारस जमिनीवर कधी आलाच नाही. दगडाजवळ डोळे नेऊन बघा. काचेच्या तुकड्यासारखा करडा दिसतो तो क्वॉर्ट्झ. पांढुरका किंवा गुलाबट, सपाट बाजूंचा दिसतो तो फेल्डस्पार. त्याचे काही स्फटिक बोटाच्या पेराएवढे सापडतात. मधल्या काळ्या टिकल्या म्हणजे काळं अभ्रक, बायोटाइट. दाणे एवढे मोठे व्हायचे तर शिलारस फार सावकाश निवावा लागतो, आणि तसा तो जमिनीखाली काही किलोमीटरवरच निवतो. हा ग्रॅनाइट. त्याच्या डोक्यावर जे काही होतं ते झिजून गेलं, म्हणून आज तो आपल्या पायाशी आहे.

ज्वालामुखीचा खरा दगड बघायचा तर गोव्याच्या ईशान्य टोकाला, सत्तरीच्या वरच्या अंगाला जा. तिथे दख्खनच्या काळ्या बेसाल्टची कडा गोव्यात डोकावते. त्याचे दाणे भिंगाशिवाय दिसत नाहीत. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि भूकवचाच्याही खालून, प्रावरणातून आलेला. पाळोळेच्या दगडाशी त्याचं नातं नाही.

गोल आकार समुद्राने दिला का?

शेवटचा हात समुद्राने फिरवला, एवढंच. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. जमिनीखाली असतानाच त्या भेगांतून पाणी मुरतं, ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजतात आणि आत गोळा उरतो. माती वाहून गेली की गोळे उघडे पडतात.

पृथ्वीच्या पोटात तर सगळं वितळलेलंच असतं. मग खडक "कसा वितळतो" हा प्रश्नच कुठे येतो?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा गैरसमज हाच. आपल्या पायाखाली ३५-४० किलोमीटर जाडीचं खंडीय कवच आहे, ते घन आहे. त्याखालचं प्रावरण २९०० किलोमीटरपर्यंत जातं, तेही जवळजवळ सगळं घनच. खरोखर द्रव आहे तो त्याच्याही खालचा गाभ्याचा बाहेरचा थर, आणि तो लोखंडाचा. तिथलं काही वर येऊन ग्रॅनाइट होत नाही.

वरच्या काही किलोमीटरांत खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं. पुढे हा वेग मंदावतो. शांत प्रदेशात कवचाच्या तळाशी ४०० ते ६०० अंश सेल्सिअस भरतात. तेवढ्यात ग्रॅनाइटचा शिलारस होत नाही. म्हणजे नेहमीच्या दिवसांत कवच वितळत नाही. वितळायला काहीतरी बिघडावं लागतं. दोन खंडांची टक्कर हा तसला बिघाड.

मग नेमकं किती अंशाला वितळतो? एक आकडा सांगा.

एक आकडा नाही, आणि यात मी टाळाटाळ करत नाही. बर्फ एकाच पदार्थाचा, म्हणून त्याचा द्रवणांक एक. खडक मिश्रण आहे.

सोनाराकडे बसला असाल तर डाख माहीत असेल. दागिन्याचा सांधा जोडायला तो जी मिसळ वापरतो ती दागिन्याच्या आधी वितळते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरचं गणित तर अगदी साफ आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं, कथील २३२ ला. पण दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळले की मिश्रण १८३ लाच पाणी होतं, दोघांपेक्षाही कमी तापमानाला.

खडकातही हेच होतं. निव्वळ क्वॉर्ट्झला १७०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, फेल्डस्पारला अकराशेच्या पुढे. पण क्वॉर्ट्झ आणि दोन जातींचे फेल्डस्पार एकमेकांना चिकटून असले, शिवाय पाणी असलं, आणि पंधरा-वीस किलोमीटर खोलीचा दाब असला, तर जिथे त्यांचे दाणे भिडतात तिथे ६५० अंशांनाच पहिले थेंब दिसतात. टटल आणि बोवेन या दोघा शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हे करून बघितलं आणि १९५८ मध्ये छापलं. ग्रॅनाइट शिलारसातून होतो की घन खडकच हळूहळू बदलून होतो, यावर तोवर भूवैज्ञानिकांत चांगली खडाजंगी चाललेली होती. त्या दोघांच्या आकड्यांनी शिलारसवाल्यांची बाजू फार भक्कम केली.

एवढ्या खोल पाणी कुठून येणार? तिथे काय विहीर आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात चहा पाजतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

पंधरा-वीस किलोमीटर खाली मोकळं पाणी जवळजवळ नसतं. दाबाने फटी मिटलेल्या असतात आणि जे होतं ते खडक तापताना आधीच वर निघून गेलेलं असतं. पाणी उरतं ते खनिजांच्या घडणीत अडकलेलं, मुख्यतः अभ्रकात. शंभर ग्रॅम पांढऱ्या अभ्रकात चार-साडेचार ग्रॅम पाणी असतं. ते ओलं लागत नाही, पिळून निघत नाही, उन्हात वाळत नाही. जुनी इस्त्री उघडली असेल तर तिचा एलिमेंट अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेला आठवेल. इस्त्रीच्या तापाने अभ्रकाला काहीच होत नाही, म्हणून तर तिथे ते वापरायचे.

पण खाली पारा ७०० ते ७५० च्या घरात पोचला की पांढरं अभ्रक क्वॉर्ट्झ आणि फेल्डस्पारच्या शेजारी टिकत नाही. त्याची घडण मोडते आणि सुटलेलं पाणी वाफ होऊन पळत नाही. ते थेट नव्या शिलारसात विरघळतं. काळं अभ्रक जास्त चिवट. ते ८०० च्या आसपास, कधी त्याच्याही पुढे, हार मानतं. हॉर्नब्लेंड या काळपट खनिजाचा नंबर त्यानंतर लागतो. खडक कधी वितळणार हे म्हणून त्याच्यात कुठलं अभ्रक किती आहे यावर ठरतं. समुद्रतळाचा चिखल ज्याचा मूळ माल आहे असा अभ्रकाने भरलेला खडक लवकर वितळतो. शुद्ध वाळूचा झालेला क्वॉर्ट्झाइट त्याच्या शेजारी, त्याच तापात, ढिम्म बसून असतो.

डोंगर उभा राहायचा तर टक्कर होणार, पण टकरीने उष्णता कशी येते? घर्षणाने?

घर्षणाचा वाटा असतो, विशेषतः मोठ्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून एकमेकांवरून सरकतात त्या पट्ट्यात, पण मुख्य कारण ते नव्हे. मुख्य कारण आंब्याच्या आढीत दिसतं.

मे महिन्यात मानकुरादची आढी घातली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवतात हात घालून बघा, आत ऊब असते. बाहेरून कोणी शेक दिलेला नसतो. पिकणारा आंबा स्वतःच थोडी थोडी उष्णता सोडतो आणि गवत ती बाहेर जाऊ देत नाही. पाच आंबे फळीवर मोकळे ठेवले तर ऊब कळणारही नाही. ढीग लागतो, झाकण लागतं आणि वेळ लागतो.

खंडीय कवचात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अल्प प्रमाणात असतात. त्यांच्या किरणोत्सर्गातून सतत उष्णता निघते. किती? एक घन किलोमीटर ग्रॅनाइट, म्हणजे लांबी, रुंदी, उंची एकेक किलोमीटर असा आख्खा डोंगर घेतला, तर त्यातून मिळून साधारण अडीच किलोवॉट. न्हाणीघरातल्या एका गीझरएवढी! ऐकून लोक हसतात. पण ही उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही तर तेवढ्यावरच खडक दहा लाख वर्षांत सुमारे ३० अंशांनी तापतो, आणि डोंगरांकडे दहा लाख वर्षं भरपूर वेळा असतात.

आता टक्कर. भारत आणि आशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. कवचाचे काप एकमेकांवर चढले, ३५-४० किलोमीटरचं कवच तिबेटखाली ७० किलोमीटर आणि त्याहून जाड झालं. किरणोत्सर्गी माल वरच्या थरात जास्त असतो. तोच आता खाली गाडला गेला आणि वर दुसरा थर गोधडीसारखा आला. लगेच काही होत नाही, उलट गाडला गेलेला खडक सुरुवातीला थंडच असतो. मग तो हळूहळू तापतो. हिमालयातले फिकट ग्रॅनाइट बहुतांश अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. टक्कर आणि वितळण यांच्या मधला हा जो अडीच ते साडेतीन कोटी वर्षांचा खंड आहे, तो म्हणजे आढी पिकायला लागलेला वेळ.

सगळीकडे एवढ्यावरच भागत नाही. काही पर्वतांत खालून प्रावरणाचा तापलेला बेसाल्टी शिलारस येऊन कवचाच्या तळाला चटका देतो. तसं झालं तर काम फार लवकर उरकतं.

दाब वाढला की वितळणं सोपं होतं की अवघड?

मोकळं पाणी असेल तर दाबाने सोपं होतं, कारण दाबाखाली शिलारस जास्त पाणी पिऊ शकतो. पाणी अभ्रकातच असेल तर उलटं: दाब वाढला की अभ्रक आणखी तग धरतं.

या दुसऱ्या गोष्टीतून एक गंमत निघते. तापलेला खडक गार व्हायच्या आत वर उचलला गेला, तर दाब उतरतो आणि तापमान जवळपास तेवढंच राहतं. अभ्रकाची सहनशक्ती त्या कमी दाबाला कमी असते, ते मोडतं, आणि एक अंशही न तापता खडक वितळायला लागतो. हिमालयात हे झाल्याच्या खुणा आहेत. खालून मुख्य मध्यवर्ती भ्रंशावरून तापलेला पट्टा दक्षिणेकडे रेटला जात होता, वरून दक्षिण तिबेटी अपसरण भ्रंशावर छप्पर मागे सरकत होतं, शिवाय पाऊस आणि नद्या वरून खरवडत होत्याच.

आख्खा खडक वितळतो का?

जवळजवळ कधीच नाही. माणसांच्या डोळ्यांसमोर लोणी कढवल्याचं चित्र असतं, ते पुसून टाका आणि सोलकढीसाठी नारळ पिळतो ते आठवा. खवलेल्या नारळात कोमट पाणी घातलं, मुठीत धरून पिळला, की पहिला दाट रस निघतो आणि मुठीत चोथा उरतो. खडकातून निघणारा रस क्वॉर्ट्झ-फेल्डस्पारच्या वळणाचा, फिकट. हाच पुढे ग्रॅनाइट होणार. मागे उरलेला चोथा काळपट आणि जड, त्यात बायोटाइट, गार्नेट, सिलिमनाइट असली मंडळी. रस आणि चोथा दोघेही मूळ नारळासारखे नसतात, तसंच हेही. याच पिळण्यामुळे खंडाचं वरचं कवच फिकट-हलकं आणि खालचं गडद-जड असं वेगळं झालं आहे.

किती रस निघतो ते खडकावर आणि तापावर आहे. शेकडा दहा-वीस भाग हा नेहमीचा हिशेब, फार तापलं तर चाळीसच्याही पुढे. मात्र थोडासा रसही पुरेसा असतो. शेकडा सातेक भाग वितळला की दाण्यांमधल्या थेंबांच्या वाटा एकमेकींना जुळतात आणि खडकाची ताकद झपाट्याने उतरते. वरून उभा दिसणारा पर्वत आतून असा मऊ झालेला असू शकतो.

मग तो रस वर कसा येतो? भोक पाडून?

रस घन खडकापेक्षा हलका. एका घन सेंटीमीटरला तो २.३-२.४ ग्रॅम भरतो, भोवतालचा खडक २.७-२.८. म्हणून कल वरच जायचा. पण तो मधाच्या हजारो पट घट्ट असतो, आपसूक पाझरला तर युगं लागतील. टकरीचं रेटणं इथे कामाला येतं. खडक दाबला, वाकवला जातो तसा रस दाण्यांच्या मधून जवळच्या सांधीत, घडीच्या पोकळीत, कातरलेल्या पट्टीत जमतो. बारीक शिरा मोठ्या शिरांना मिळतात आणि शेवटी भेगा फोडत वर निघतात.

बहुतेक वेळा तो वाटेतच थिजतो. पाणी जास्त असलेला रस वर आला की दाब उतरतो, पाणी सुटतं आणि गोठण्याचं तापमान वर सरकतं; तो न निवताच घट्ट होतो. त्यामुळे ओला ग्रॅनाइट ज्वालामुखी होऊन फुटायच्या आधीच जमिनीखाली मुक्काम ठोकतो. शेवटच्या पाणीदार उरल्यासुरल्या रसातून पेग्मटाइटच्या शिरा होतात. त्यांच्यात स्फटिक वाट्टेल तेवढे मोठे वाढतात. इस्त्रीतलं ते अभ्रक असल्याच शिरांतून खणून काढलेलं.

अर्धवट वितळलेला खडक प्रत्यक्ष बघायला मिळतो का?

मिळतो, आणि बरेचदा तो स्वयंपाकघरात असतो.

आमच्या घराचा ओटा बदलला तेव्हा मार्बलवाल्याने "डिझाइनवाला ग्रॅनाइट" म्हणून एक लादी दिली. मापात दोन इंच चुकला आणि खापर गवंड्यावर फोडलं, ते असो. लादी बसवल्यावर पहिल्याच दिवशी मासळी चिरताना पाणी सांडलं, आणि ओल्या दगडात जे दिसलं त्याने सुरी हातात तशीच राहिली. करड्या, बारीक रेषांच्या दगडातून पांढरे-गुलाबी पट्टे वळसे घेत गेलेले. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही काठांना काजळाच्या रेघेसारखी काळी किनार. हे मिग्मटाइट. फिकट पट्टा म्हणजे निघालेला रस, काळी किनार म्हणजे चोथा, आणि करडा भाग फारसा न बदललेला मूळ खडक. सेदरहोल्म या फिनलंडच्या भूवैज्ञानिकाने १९०७ मध्ये याला हे नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या मिश्रण या अर्थाच्या शब्दावरून.

नळाच्या कोपऱ्यात, साबणाची डिश ठेवतो तिथे, तुरीच्या दाण्याएवढे चार-पाच लालसर ठिपके आहेत. गार्नेट. प्रत्येकाभोवती पांढरं वलय आहे. बायोटाइट मोडतं तेव्हा त्याच्यातलं लोह आणि मॅग्नेशियम रसात फारसं मावत नाही, ते गार्नेट होऊन बसतं, आणि रस त्याच्याभोवतीच साचतो. म्हणजे जिथे गार्नेट आहे तिथेच, त्याच जागी, खडक वितळला होता. घरच्यांनी साबणाची डिश आता दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आहे, माझ्या आग्रहाने.

गार्नेट वाढताना रसाचे थेंब पोटात घेऊनही बसतं. केरळच्या खोंडालाइट नावाच्या खडकाच्या पट्ट्यातल्या गार्नेटांत असे थेंब सापडल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढे ते थेंब आत गोठून क्वॉर्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे झाले आहेत, म्हणजे प्रत्येक थेंब एक पिटुकला ग्रॅनाइट. शिलारसाची मूळ चव त्यांच्यातच उरली आहे; मोठ्या ग्रॅनाइटमध्ये वाटेत बरीच सरमिसळ होते.

काळा ग्रॅनाइट पण असाच होतो का?

नाही. दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, बेसाल्टच्या कुळातला. पॉलिश धरतो म्हणून व्यापारात सगळेच ग्रॅनाइट.

चारधामला गेलो होतो. तिथे काय बघायला हवं होतं?

गोमुखापर्यंत गेला असाल तर न कळत बघूनच आलात. शिवलिंग शिखर आणि भागीरथी शिखरं यांचा फिकट दगड गंगोत्रीचा ग्रॅनाइट, दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा. पांढरं अभ्रक, काळ्या काड्यांसारखं टूर्मलीन आणि मधूनमधून गार्नेट ही त्याची ओळख. भागीरथीच्या एका कड्यावर खाली उजळ ग्रॅनाइट आणि माथ्यावर काळपट गाळाचा खडक टोपीसारखा दिसतो. ती टोपी म्हणजे शिलारस जिच्यात घुसला त्या छपराचा उरलेला तुकडा.

आत्ता, या क्षणी, कुठे वितळतंय का?

दक्षिण तिबेटखाली तशी चिन्हं आहेत. १९९० च्या दशकात तिथे कृत्रिम भूकंपलहरी सोडून कवचाची तपासणी झाली. १५-२० किलोमीटर खोलीवर लहरी जोरात परत फिरवणारे चकाकते ठिपके मिळाले, आणि विजेचा प्रवाहही त्या थरातून सहज जातो असं दिसलं. अर्धवट वितळलेला खडक किंवा खारं गरम पाणी, किंवा दोन्ही, असा त्याचा अर्थ लावतात.

गोव्यात कुठे हिमालय होता? सह्याद्री उभा राहताना हे दगड झाले का?

सह्याद्रीचा इथे संबंध नाही. तो टकरीने घडी पडून उठलेला पर्वतच नव्हे. पठाराची झिजत मागे सरकणारी कडा आहे. आणि तो या दगडांच्या मानाने कालचा पोर.

गोवा धारवाडच्या प्राचीन भूखंडाच्या पश्चिम काठावर बसलेला आहे. अनमोड घाटातला नीस, म्हणजे ताप आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक, तीन अब्ज वर्षांहून जुना. त्यावर पुढे ज्वालामुखीचे आणि समुद्रातले थर साचले. डिचोली-सांग्याचं लोहखनिज त्यांच्यातलंच. मग सगळं दाबलं, दुमडलं गेलं आणि सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी त्यात ग्रॅनाइट घुसले: दूधसागरचा एक, काणकोणचा एक. साधारण त्याच सुमारास कर्नाटकात बेंगळुरूजवळच्या रामनगरचा प्रचंड ग्रॅनाइट पट्टाही तयार झाला. धारवाड भूखंडात आधीच्या जुन्या नीसचं कवच त्या काळात पुन्हा तापलं, पुन्हा पिळलं गेलं, आणि पोटॅशियमने भरलेला रस वर सरकला. आपल्या दगडातले ते गुलाबट फेल्डस्पार म्हणजे तेच पोटॅशियम.

डिचोली किंवा सावर्ड्याकडचे शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचे खडक, मात्र वितळले नाहीत. त्यांच्यातली हिरवट खनिजं सांगतात की ते तीनशे ते पाचशे अंशांपलीकडे गेले नाहीत. एकाच पर्वतात खालचा थर पिळला जातो आणि वरचा नुसता शेकला जातो.

आणि घराचा चिरा?

जांभा. उन्हापावसाने कुजलेल्या खडकाचा. वितळण्याशी काही देणंघेणं नाही.

अडीच अब्ज वर्षं हे कोणी मोजलं? तेव्हा कोण होतं?

झिरकॉन होता. वाळूच्या कणाहून लहान, फार चिवट खनिज. शिलारसात स्फटिक होताना ते युरेनियम आत घेतं आणि शिशाला जवळजवळ दारात उभं करत नाही. पुढे युरेनियमचं ठरल्या वेगाने शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की वय निघतं. कधी कधी झिरकॉनच्या मध्यभागी जुना गाभा आणि भोवती नवं कवच असतं. गाभा आधीच्या खडकाचा, कवच वितळण्याच्या वेळचं. एका कणात दोन तारखा.

हातोडा आणू का?

नको. भिंग आणा, दहापट मोठं दाखवणारं. आणि पाण्याची बाटली, दगडावर ओतायला; ओला दगड कोरड्यापेक्षा पाचपट बोलतो. दक्षिणेकडच्या दगडांवर शेवाळ असतं, रबरी चपलेने घसरतं. ओहोटीच्या एक तास आधी पोचलात तर काणकोण बेटाच्या दिशेने चालत जाऊन दगड बघून होतात. भरती सुरू झाल्यावर परतायला "अजून पाच मिनिटं" म्हणणाऱ्यांना आम्ही थांबू देत नाही.

हे दगड आतून अजून गरम आहेत का?

लोलयेच्या एका तिसरीतल्या मुलीने दगडाला गाल लावून हे विचारलं. वितळण्याची उष्णता केव्हाच निघून गेली. पण युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अजून आत आहेत आणि काम करत आहेत. ज्या दगडाला तिने गाल लावला होता तो पाच मीटरचा धरला तर त्यातून निघणारी उष्णता म्हणजे एका वॉटचे पाच-सहा हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. त्यावर बॅटरीतला लहानातला लहान दिवाही धड पेटणार नाही. तिला एवढंच सांगितलं: आहे, पण तुझ्या गालाला कळणार नाही. ती म्हणाली, "मला कळतंय," आणि साडेनऊच्या उन्हात तापलेल्या दगडाला तशीच टेकून राहिली.